दुसरी बिजागरी

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक वेताची टोपली असते. आत येणाऱ्यानं आपल्या किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, कमरेचा पट्टा आणि केसांतल्या पिना त्यात काढून ठेवायच्या. चष्म्याची फ्रेम धातूची असेल तर चष्मासुद्धा. बायकांना मी आणखी एक प्रश्न विचारते, बांगडीतली पिन? मिरजेची बाई असो नाहीतर लखनौची, हातात बांगडी असली की तिच्यात एक सेफ्टी पिन अडकवलेली असतेच आणि तिला स्वतःला ती आठवत नसते. एकदा दिल्लीहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनाही मी पट्टा काढायला लावला होता. त्यांनी एका हातानं पँट धरून आमचं सगळं यंत्र पाहिलं. आमचं काम त्यांनी मंजूर केलं, पण पुन्हा काही ते आले नाहीत.

लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणोत बापडे. मी अवकाशातलं चुंबकीय क्षेत्र मोजते. सूर्याकडून एक विरळ वारा सतत वाहत असतो, ग्रहांना वळसे घालून पुढे जातो आणि आपल्याबरोबर चुंबकत्व वाहून नेतो. ते इतकं क्षीण असतं की होकायंत्राच्या काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या यंत्राला लागतो. पण शेजारी कुणाच्या केसांतली पिन आली, की ते यंत्र सूर्याला विसरतं आणि पिनेचंच कौतुक सांगत बसतं. त्यामुळे आमच्या धंद्यात लोखंड म्हणजे विटाळ. सोवळ्यातल्या माणसाची मी लहानपणी यथेच्छ चेष्टा केली आहे, आणि आता माझं निम्मं आयुष्य 'शिवू नका' म्हणण्यात गेलं.

लखनौला मी आले ती लग्न करून. नवरा रेल्वेत इंजिनिअर, मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत. मी नुकतीच पीएचडी झाले होते. मिरजेत सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, की एवढं शिकली आणि आता तिकडे जाऊन काय करणार. इथल्या विद्यापीठात नोकरी मिळाली तेव्हा माझ्या एका मामांनी विचारलं, "लखनौहून अवकाशात जाता येतं का?" मी म्हटलं, "मिरजेहून जेवढं लांब तेवढंच इथून." तेव्हा दोन-चार वर्षांत परत जाऊ असं वाटत होतं. आता केस पिकले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी बोलतो, म्हणजे 'आज सब्जी कुठली करू' याला मराठी म्हणायचं असेल तर. मुलीला सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते.

नवऱ्याचा आणि माझा धंदा म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. विजेच्या गाड्या वेगानं धावाव्यात हा त्याचा धंदा आणि आसपास कुठेही विजेची गाडी नसावी हा माझा. सुरुवातीला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून पहिला सेन्सर मी मानक नगरच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात लावला. एक गाडी गेली की माझा आलेख डोंगर होऊन बसायचा. गाडी जवळ असली तर मोठा डोंगर, लांब गेली की टेकडी, आणखी लांब गेली की साधा उंचवटा. नवरा चहाचा कप घेऊन बाजूला बसायचा आणि मोठ्या खुशीत म्हणायचा, "बघ, आमचं इंजिन किती लांबून ओळखू येतं." मला ते अजिबात गमतीचं वाटत नसे. शांत जागेसाठी मी छावणीतही जाऊन आले. तिथल्या रस्त्यांवर गाडीघोडा कमी. पण सैन्याच्या हद्दीत खड्डा खणून यंत्र पुरू द्या म्हटल्यावर तिथल्या साहेबांनी मला उत्तम चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आले. शेवटी विद्यापीठानं शहराबाहेर, आंब्याच्या एका जुन्या बागेच्या कडेला जागा दिली. तिथे आम्ही लाकडी खोली बांधली, तिच्यात लोखंडाचा एकही खिळा नाही. दारातली टोपली त्या खोलीची.

तिथे आम्ही जो सेन्सर तयार केला, तो एका यानावर जाणार असं ठरलं तेव्हा मला आनंदाइतकीच धास्ती वाटली. कारण यान म्हणजे सगळा विटाळच. मोटारी, झडपा, तारा, बॅटऱ्या. त्याच्या पोटाशी सेन्सर बसवला तर तो सूर्याचं कशाला ऐकतोय, यानाची पोटदुखीच ऐकणार. म्हणून सेन्सर एका लांब दांड्याच्या टोकाला बसवतात. अंतर दुप्पट झालं की गोंगाट आठव्या हिश्शावर येतो, एवढं साधं ते गणित आहे. पण इतका लांब दांडा रॉकेटच्या डोक्यात मावत नाही. त्याला दोन बिजागऱ्या असतात. वर जाताना तो घडी घालून यानाला चिकटलेला असतो आणि वर पोचल्यावर बांधलेली दोरी तोडली की आधी खांद्यातून आणि मग कोपरातून उघडतो. नीट उघडला तर सेन्सर लांब जातो. कोपरात अडकला तर तो यानाकडेच तोंड करून राहतो आणि सगळं मुसळ केरात.

दोन्ही बिजागऱ्यांवर एकेक छोटं स्विच असणार होतं. दांडा पूर्ण उघडून जागच्या जागी बसला की स्विच दाबलं जातं आणि खाली संदेश येतो. पहिली बिजागरी यानाजवळ, तिथल्या स्विचबद्दल आमचं म्हणणं नव्हतं. दुसरी मात्र सेन्सरच्या बाजूची, आणि तिथल्या स्विचच्या आत पोलादाची स्प्रिंग. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी होती, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आईवडिलांबरोबर राहणारी, लखनौचीच. तिनं ते स्विच लाकडी खोलीत नेऊन मोजलं आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली की हे स्विच राहिलं तर आमचं मोजमाप कायमचं खोटं ठरेल. बिनलोखंडी स्विच करून घ्यायला वेळ नव्हता. मी तिच्या बाजूनं उभी राहिले आणि आम्ही ते स्विच काढायला लावलं. दुसऱ्या कुणी हा निर्णय घेतला नसता, हे मला मान्य आहे. खिडकी धुळीनं माखेल म्हणून भिंतच बांधणारी माणसं आम्ही. पण ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. उद्या पुन्हा प्रसंग आला तर मी ते स्विच पुन्हा काढीन.

आमचं खरं भांडण झालं ते मोटारीवरून. यानावर एक मोठी अँटेना होती. ती पृथ्वीकडे वळवणारी मोटार दक्षिणेतल्या एका केंद्रातल्या गृहस्थांनी केली होती. ते मूळचे सोलापूरचे. त्या मोटारीत तगडं चुंबक. मी म्हटलं, बदला. ते म्हणाले, बदलणार नाही, या मोटारीवर माझा भरवसा आहे. मी म्हटलं, मग निदान तिच्यावर चुंबकत्व अडवणाऱ्या धातूचं कवच घाला. ते म्हणाले, वजन वाढतं, आणि माझी मोटार काय नवी नवरी आहे का डोक्यावर पदर घ्यायला? हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. एका मीटिंगमध्ये तर ते सर्वांसमक्ष म्हणाले, "मॅडमना यानच नको आहे. नुसती काठी पाठवा वर." सगळे हसले. मी हसले नाही. घरी मुलगी येणाऱ्या पाहुण्यांना सांगायची, "मम्मी अभी नहीं आएँगी, उनकी लड़ाई वाली मीटिंग है।" शेवटी ते जिंकले, मोटार होती तशी उघडीवाघडी वर गेली आणि आमचं बोलणं नमस्कारापुरतं राहिलं.

यान उडालं ते उत्तम उडालं. त्या दिवसाबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला महत्त्वाचा होता तो त्यानंतर काही आठवड्यांनी दांडा उघडायचा दिवस. दोरी तुटल्याचा संदेश आला. पहिल्या बिजागरीचं स्विच दाबलं गेल्याचा आला. दुसऱ्या बिजागरीचा येणारच नव्हता, ते आम्हाला ठाऊक होतं. आता सेन्सरचे आकडे शांत, बारीक झाले की समजायचं, दांडा उघडला.

आकडे शांत होते, पण बारीक नव्हते. अपेक्षेपेक्षा बरेच मोठे होते. याचे दोन अर्थ निघत होते. उड्डाणाच्या हादऱ्यांनी सेन्सरचं शून्य सरकलं असेल, म्हणजे घरच्या वजनकाट्यावर कुणी उभं नसताना तो दोन किलो दाखवतो तसं. ते परवडलं, ते वजा करता येतं. नाहीतर दांडा कोपरात अडकला असेल आणि सेन्सर यानाच्या जवळ राहून यानाचंच चुंबकत्व मोजत असेल. ते परवडणारं नव्हतं.

प्रकल्पप्रमुख सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, की दुसरी बिजागरी उघडली आहे हे तुम्ही सिद्ध करू शकता का? यान एकदा स्वतःभोवती गरकन फिरवा, सेन्सरचं तोंड कुठे आहे ते आकड्यांवरून कळेल, मग सांगते, असं मी म्हटलं. त्याला इंधन लागतं, ते मिळणार नव्हतं. मग ते म्हणाले की पुढे इंजिन पेटवायचं आहे, अर्धवट वाकलेला दांडा तेव्हा कसा झुलेल हे कुणी सांगू शकत नाही. तो उघडल्याचा पुरावा मिळाला नाही तर त्याला वाकलेलाच धरावं लागेल, दांडा बुडाशी कापून यानापासून सोडून द्यायची सोय केलेली होती ती वापरावी लागेल. म्हणजे सेन्सर दांड्यासकट अवकाशात फेकून द्यायचा. निर्णयाची मीटिंग त्यांनी पुढच्या आठवड्यात ठेवली.

माझी विद्यार्थिनी तोवर डॉक्टर झाली होती आणि आमच्याकडेच काम करत होती. ती माझ्या खोलीत आली, खुर्चीवर बसली नाही.

"मैम, वो स्विच हमने निकलवाया था," ती म्हणाली.

"आपण दोघींनी," मी म्हटलं. "बैठो."

"मीटिंग में खड़े होकर तो हमीं बोले थे. हम गुड़गाँव वाली नौकरी के लिए हाँ कर देते हैं. सॉफ्टवेअर में कम से कम कोई चीज़ फेंकनी नहीं पड़ती."

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. मी म्हटलं, मीटिंग होऊ दे, मग गुड़गाँवला जा नाहीतर चंद्रावर जा. तोवर इथे बस आणि मला सांग, यानावरची कुठली गोष्ट चालू-बंद केली तर तिचं चुंबकत्व सेन्सरला ऐकू येईल. कारण गोंगाट किती मोठा येतो त्यावरून अंतर कळतं, हे मानक नगरच्या अंगणात मी इंजिनांकडून शिकलेच होते. सेन्सर जवळ अडकला असेल तर मोठा डोंगर दिसेल, लांब असेल तर बारीकसा उंचवटा.

आम्ही यादी काढायला बसलो आणि आमचंच सोवळं आमच्या मुळावर आलं. हीटर चालू करावा तर त्याच्या दोन्ही तारा आम्ही एकमेकींना पिळे देऊन बसवायला लावलेल्या, दोघींचं चुंबकत्व एकमेकींत जिरतं. बॅटरीच्या तारा तशाच. झडपांना आम्ही उलटी चुंबकं जोडायला लावली होती. वर्षानुवर्षं भांडून आम्ही ते यान इतकं स्वच्छ केलं होतं की ऐकण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ती एकेक नाव खोडत होती. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "गंदा तो बस एक ही बचा है, मैम."

मला ते आधीच सुचलं होतं. फक्त मी ते तोंडानं म्हटलं नव्हतं.

सोलापूरकरांची मोटार उड्डाणानंतर एकदाही फिरली नव्हती. मोठी अँटेना लागणार होती ती पुढे, यान खूप दूर गेल्यावर. तोवर एक लहान अँटेना काम चालवत होती. मोठी अँटेना जराशी जरी इकडून तिकडे हलवली तरी आतलं चुंबक गरागरा फिरणार, आणि ठराविक तालात पुन्हा पुन्हा हलवली तर तो ताल आकड्यांच्या गर्दीतून वेगळा काढता येणार. माझ्या विद्यार्थिनीनं दोन तासांत हिशेब करून आणला. दांडा वाकलेला असेल तर अमुक उंचीचा डोंगर, सरळ असेल तर इतका बारीक उंचवटा. आणि काहीच दिसलं नाही तर सेन्सरच बिघडला आहे, ही तिसरी शक्यता तिनं खाली लहान अक्षरांत लिहिली होती.

रविवार होता. थंडीचे दिवस, दुपारचं ऊन अंगणात आलेलं. नवरा मटार सोलत बसला होता. या दिवसांत इथे घराघरांत तेच चालतं, मटार स्वस्त होतो आणि गृहस्थ लोक कामाला लागतात. मी फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते.

"अडला हरी," तो नुसतं एवढंच म्हणाला आणि शेंगेकडे बघत राहिला.

"पुढचं बोललास तर रात्री जेवायला मिळणार नाही."

"मी कुठे बोललो? पण फोन कर. मान खाली घालून मागायचं. तुला जमत नाही, पण कर."

मी फोन लावला. मोटारवाल्यांनी लगेच उचलला.

"बोला मॅडम. आज रविवारी? भांडण मीटिंगशिवायही करता येतं म्हणा."

"भांडायला नाही केला, साहेब. मला तुमची मोटार हवी आहे."

"कशाला? पदर घ्यायला सांगणार आता तिथे जाऊन?"

मी सगळं सांगितलं. दांड्याचं, आकड्यांचं, पुढच्या आठवड्यातल्या निर्णयाचं त्यांना ठाऊक होतंच. मोटारीचा उपयोग कसा होईल ते त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"किती वेळ हलवायची?"

"जितका वेळ द्याल तितकं स्पष्ट दिसेल. पुष्कळ वेळ."

मग त्यांचा आवाज बदलला, त्यात चेष्टा राहिली नाही. "मॅडम, मी या महिनाअखेरीस निवृत्त होतोय. ही मोटार वर एकदाही फिरलेली नाही. तिच्यातलं वंगण या थंडीत कसं वागतं ते मला कागदावर माहीत आहे, खरं कुणालाच माहीत नाही. तिची वेळ आल्यावर ती फिरली नाही तर तेव्हा मी घरी असेन, लोक म्हणतील, नशीब. पण आत्ता, गरज नसताना फिरवली आणि अडकली, तर पुढे दूर गेल्यावर सगळं यान मुकं झालं. आणि ते कुणाच्या माथी बसेल? तुमच्या नाही."

"खरं आहे," मी म्हटलं. "तुमच्या जागी मी असते तर नाहीच म्हटलं असतं."

"तुम्ही तर नक्कीच म्हटलं असतं," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

मी फोन ठेवला आणि मटार सोलायला बसले. नवऱ्यानं शेंगांचा ढीग माझ्याकडे सरकवला. मला मनातून वाटत होतं की ते नाही म्हणणार आणि त्यांचं नाही बरोबर असणार. आयुष्यभर ज्या मोटारीला मी नावं ठेवली, ती पणाला लाव असं मी त्या माणसाला शेवटच्या महिन्यात सांगत होते. आमचं तेवढं नातंही नव्हतं.

दोन दिवस फोन आला नाही. मग मीटिंगचा दिवस आला. आम्ही सगळे आपापल्या गावी पडद्यासमोर बसलो. माझी विद्यार्थिनी माझ्या शेजारी होती. प्रकल्पप्रमुखांनी दांड्याचा विषय काढण्याआधीच मोटारवाल्यांनी हात वर केला. ते म्हणाले की त्यांना एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. मोटार पुढचे कित्येक महिने थंडीत नुसती पडून राहणं त्यांना बरं वाटत नाही, वंगण एका जागी गोठू शकतं. निवृत्त होण्याआधी आपल्या डोळ्यांदेखत ती फिरवून पाहावी असं त्यांचं स्पष्ट मत आहे, आणि तसं ते लेखी द्यायला तयार आहेत. काही झालं तर जबाबदारी त्यांची. मग चष्मा पुसत, जणू आत्ताच आठवल्यासारखं, ते म्हणाले की त्या निमित्तानं लखनौच्या मॅडमना काही मोजायचं असेल तर मोजू द्यावं, त्यांची काही हरकत नाही.

प्रकल्पप्रमुखांना सगळं कळलं असणार. मग त्यांनी होकार दिला आणि दांड्याचा निर्णय त्यानंतर घेऊ म्हटलं.

मी पडद्यावरचा माझा कॅमेरा बंद केला. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या माणसानं पाहावं अशी माझी इच्छा नव्हती. माणसं ओळखण्यात मी कच्ची आहे, हे माझा नवरा पहिल्यापासून सांगत आला आहे. ज्याला मी हेकट म्हणत आले, त्यानं आपली सगळी नोकरी माझ्या दांड्याशेजारी आणून ठेवली होती आणि ती माझ्यावर उपकार म्हणून नाही, स्वतःची हौस म्हणून ठेवली होती. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मैम, सर तो बिल्कुल लखनऊ वाले निकले. एहसान भी ऐसे कि सामने वाले को पता न चले." मी म्हटलं, "सोलापूर म्हणायचं. हमारे यहाँ भी होते हैं ऐसे लोग."

चाचणीच्या दिवशी मोटार फिरली. ती फिरल्याचं, गरम न झाल्याचं आणि वेळेवर थांबल्याचं आधी दक्षिणेत कळलं, आम्हाला नंतर. आमच्या सेन्सरचे आकडे यानानं साठवून ठेवले होते, ते सावकाश खाली आले आणि दुपारी लखनौला पोचले. विभागातल्या माझ्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर धुकं विरलं होतं, कॅन्टीनमधून तहरीचा, म्हणजे इकडच्या मसालेभाताचा, वास येत होता, आणि दोघींपैकी कुणालाही भूक नव्हती.

तिनं पडद्यावर पहिला आलेख काढला. डोंगर नव्हता. पण उंचवटाही नव्हता. नुसती खरखर. खाली लहान अक्षरांत लिहिलेली ती तिसरी शक्यता दोघींना एकदमच आठवली असणार.

"रुको," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे. मोटारीच्या एका हेलकाव्याचे आकडे तिनं दुसऱ्या हेलकाव्याच्या आकड्यांवर ठेवले, त्यावर तिसऱ्याचे, त्यावर चौथ्याचे. खरखर प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून ती एकमेकींत विरत जाते. ताल असेल तर तो मात्र साचत जातो. ती एकावर एक थर देत गेली. खरखर हळूहळू बसत गेली. रेघ सपाट होत गेली, आणखी सपाट, आणि मग तिच्या मधोमध काहीतरी किंचित वर आलं. आणखी थर दिले तेव्हा ते तिथेच राहिलं. तिनं न बघता माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं तिनं त्या उंचवट्याची उंची मोजली आणि आपल्या हिशेबाच्या कागदावर बोट ठेवलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मोटारवाले होते.

"माझं झालं, मॅडम," ते म्हणाले. "बया फिरली, थांबली, पुन्हा फिरली, कुठे कुरकुरली नाही. आता तुमचं सांगा." मग ते जरा घुटमळले. "दिसलो का आम्ही?"

इतक्या वर्षांत त्यांच्या मोटारीबद्दल एक बरा शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. मी समोरच्या रेषेकडे पाहिलं. ती मुलगी आता रडत होती आणि रडता रडता तो कागद मला दाखवत होती.

"दिसलात, साहेब," मी म्हटलं. "अगदी बारीक. फार लांबून."



"म्हणजे दांडा उघडलाय," ते म्हणाले.